चुरण्याच्या दिवसांतली बॅटरी

धान कापून झालं, शेतातल्या बांध्यांमधले कडपे वाळले आणि पेंढ्या बांधून पुंजणी रचली गेली की आमच्याकडची हवा जाड होते. दिवाळी नुकतीच सरलेली असते. पहाटेच्या दवानं ओली झालेली वाट दहाच्या सुमाराला सुकते आणि मग गावाच्या चारी बाजूंनी धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीनं घरघरायला लागतात. त्या मशीनमधून उडणारं बारीक तूस उन्हात दिसतसुद्धा नाही. ते मानेवर बसतं, पापण्यांवर बसतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतं. लोकांना हे दिवस आवडतात. घरात नवं धान येतं, गावोगावी मंडईची जत्रा भरते, लेकीबाळी माहेरी येतात. मला मात्र या दिवसांत माणसांचे श्वास ऐकू येतात. काळीपिवळी जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईचा, दुकानात मोबाईल घेऊन आलेल्या म्हाताऱ्याचा. कुणाच्या छातीत बारीक शिट्टी वाजते आहे का, हे मी नकळत तपासत असते. यंदाही परवापासून माझं तेच सुरू झालंय.

ही सवय मला एका हंगामानं लावली. दोन हजार दहाच्या पुढेमागे असेल. सालेकशाच्या बाजारात तेव्हा माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान नवंच होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग, एक मल्टिमीटर आणि टेबलाच्या पुढे एक स्टूल. गोंदियाला आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स करून आलेली मी एकटीच मुलगी त्या ओळीत बसायची. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे पाहायचं आणि मिस्त्री कुठं गेला म्हणून विचारायचं. मीच मिस्त्री आहे म्हटलं की मोबाईल परत खिशात जायचा. हळूहळू लोकांना सवय झाली. त्याआधी दादाला व्हावी लागली.

दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी सातवीत असताना बाबा गेले. त्यानंतर मला शाळेत पोचवणारा, वह्यांना कव्हर घालणारा आणि मार्कशीट वाचता येत नसली तरी ती उलटसुलट करून पाहणारा तोच. आमची स्वतःची जमीन अर्धा एकर. पोट भरायचं ते बटईनं, पिकाच्या वाट्यावर केलेल्या चार एकरांवर. मालक गोंदियाला राहायचा. ‘देवानंद म्हणजे दोन माणसांचं काम एकटा करणारा’ असं तो दादाबद्दल चारचौघांत म्हणायचा, आणि ती चार एकरं त्या एका वाक्यावर उभी होती.

दादाला दमा होता. आमच्या घरात हा शब्द चालत नसे. सर्दी आहे, धूळ गेली, रात्री दही खाल्लं, असं काहीही चालायचं. बाबांच्या खोकल्याला गावानं टीबी म्हटलं होतं आणि शेवटच्या वर्षी त्यांना कुणी धान रोवण्याच्या कामालाही बोलावलं नव्हतं. दादानं ते पाहिलं होतं. त्यामुळे डॉक्टरनं दिलेला पंप तो बनियनच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि पुंजण्याच्या मागे जाऊन तोंडाला लावायचा. वहिनीला माहीत होतं, मला माहीत होतं. आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

आदल्या वर्षीच्या चुरण्यात तो इतका दमला की त्याला गोंदियाला न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी हिंदीत, अगदी सावकाश, मला समजावलं. पंपानं जेव्हा भागत नाही तेव्हा औषधाची वाफ छातीत गेली पाहिजे, त्यासाठी घरात एक मशीन ठेवा आणि जास्त झालं तर वाफ देत देत दवाखाना गाठा. मी मशीन आणलं. पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढं, त्याला एक नळी आणि नळीच्या टोकाला मास्क. घरी आणलं त्या दिवशी वहिनीनं ते कपाटात, साड्यांच्या मागे ठेवलं. आणि आमच्याकडे तेव्हा लाईट जायची. रोज जायची, ठरलेल्या वेळी जायची आणि कधी कधी न ठरलेल्या वेळीही. ज्या वेळी डिझेलवरची मशीनं चुरत असत, तूस उडत असे, नेमकी तीच लाईट नसण्याची वेळ.

मशीन भिंतीतल्या प्लगला लावायला एक ॲडॉप्टर होता. एके दिवशी सहज त्याच्या पोटावरचं लिखाण वाचलं. बारा व्होल्ट. मी ते दोनदा वाचलं. बारा व्होल्ट म्हणजे भिंतीची गरज नव्हती. बारा व्होल्ट मी तयार करू शकत होते.

पहिल्यांदा एक जुनी मोटरसायकलची बॅटरी जोडून पाहिली. मशीन चाललं, पण दुसऱ्या डोसाला धापा टाकत बंद पडलं. शिवाय ती जड, ॲसिड सांडणारी वस्तू दादा शेतात नेऊ देईल हे शक्यच नव्हतं. मला पिशवीत मावणारं काहीतरी हवं होतं. गोंदियात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी अधूनमधून सुटे भाग आणायला जायची. तिथं कोपऱ्यात मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग असे. मला ठाऊक होतं की लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणजे तिच्यातले सगळेच सेल मेले असं नसतं. एक-दोन जातात आणि बाकीच्यांना घेऊन बुडतात. मी तीन बॅटऱ्या मागितल्या. दुकानदारानं त्या कागदात गुंडाळून दिल्या आणि वर म्हणाला, “ले जाओ बहन, पर संभाल के. ये चीज़ रूठती है तो आग पकड़ लेती है.”

मी हसून मान डोलावली. आग काय असते हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

त्या दिवसांचा विचार केला की सगळ्यात आधी बोटं आठवतात. प्लास्टिकचं कवच उचकटताना नखात घुसलेले तुकडे. आतून निघालेले बोटाएवढे सेल, निळे, गुलाबी, एकाला एक पत्र्याच्या पातळ पट्टीनं जोडलेले. अठरा होते. त्यांना वेगळं करायचं, एकेकाला भरायचं, भरताना हात लावून पाहायचं. जो गरम होईल तो बाद. भरून ठेवायचं आणि चार-पाच दिवसांनी मीटरवर पुन्हा मोजायचं. ज्याचा आकडा आपोआप उतरला असेल तो बाद. दुकानात वेळ मिळायचा नाही म्हणून हे काम मी रविवारी घरी, सपरीत बसून करायची. सपरी म्हणजे आमच्या घरापुढचा मोकळा ओसरीवजा भाग. तिच्या समोर अंगण आणि अंगणापलीकडे, पंधरा पावलांवर, त्या वर्षीच्या धानाचं पुंजणं. चार एकरांचं सगळं पीक एकावर एक रचून उभं होतं, वाळून खडखडीत झालेलं.

तो रविवार मंडईचा होता. शेजारच्या गावातून भोंग्याचा आवाज येत होता, मधूनच कुणीतरी माईक ठोकून पाहत होतं. वहिनी आत पाहुण्यांसाठी वडे तळत होती. मी एका सेलवरची पट्टी कात्रीनं कापत होते. कात्री घसरली आणि तिचं पातं दोन्ही बाजूंना एकदम टेकलं. ठिणगी उडाली. मी कात्री ओढून काढली तोवर सेल फुसफुसायला लागला होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा आवाज येतो तसा. मग त्याच्या तोंडातून पांढरा धूर, त्या धुराला एक गोडसर, घाणेरडा वास. मी घाबरले आणि घाबरलेलं माणूस करतं तेच केलं. ताटली उचलून सेल अंगणात फेकला.

तो जमिनीवर पडला, उसळला आणि घरंगळत पुंजण्याच्या दिशेनं गेला. जाता जाता पेटला.

दादा पुंजण्यापाशीच होता. त्यानं ओरडायला वेळ घालवला नाही. कुदळीनं पायाखालची माती खणून त्या आगीवर ओढली, पुन्हा ओढली, वर पाय दिला. पेंढ्यांपासून ते हातभरही लांब नव्हतं. मातीतून धूर येत राहिला आणि तो त्या धुरात उभा राहिला, खात्री होईपर्यंत. मग खोकायला लागला. कुदळीवर दोन्ही हात टेकून, पाठ वाकवून तो खोकत होता आणि मी सपरीत रिकामी ताटली धरून उभी होते. वहिनी दारात आली होती, तिच्या हातातल्या झाऱ्यातून तेल गळत होतं.

श्वास सापडल्यावर तो माझ्याजवळ आला. आवाज चढवला नाही. घरासमोर सगळ्या वर्षाचं धान उभं असताना तू आग घेऊन काऊन बसली, एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, तुझ्याचसाठी करून राहिली. तेव्हा तो म्हणाला, “मले काही झालं नाही. झालं असतं तरी मीनं तुले हे कराले सांगतलं नोहतं. उद्यापासून हे घरात दिसलं नाही पाहिजे.”

आजही मला वाटतं, त्याचं बरोबर होतं. पुढं जे झालं ते झालं म्हणून त्या रविवारची माझी चूक लहान होत नाही. एखाद्यासाठी काही करायला निघालेल्या माणसाला एक प्रकारची गुर्मी चढते. आपला हेतू चांगला आहे म्हणजे आपला हातही चुकणार नाही असं त्याला वाटू लागतं. माझा हात चुकला होता आणि चार एकर धान हातभरानं वाचलं होतं. त्या दिवसापासून कात्रीच्या पात्यांवर मी टेप गुंडाळायला लागले. सेलखाली वाळूचं घमेलं ठेवायला लागले. पण थांबले नाही. सगळं सामान दुकानात नेलं आणि घरी विषय काढणं बंद केलं.

वहिनी मात्र मधेच, भांडी घासता घासता, माझ्याकडे न पाहता विचारायची, झालं का. मी म्हणायची, होऊन राहिलं. एवढंच आमचं बोलणं.

चुरण्याची पाळी जवळ येत चालली होती. झनकलालभाऊचं मशीन तेव्हा गावात घरोघरी फिरत होतं. झनकलालभाऊ म्हणजे आमचा शेजारी, पोवारांच्या घरातला, दादाचा लहानपणापासूनचा सोबती. तो आमचा दिवस सांगून गेला होता. मी रोज दुकान लवकर उघडायची आणि गिऱ्हाईक येण्याआधी सेल मोजायची. अठरापैकी एक जळाला होता, सहा बाद झाले. अकरा खात्रीचे उरले. मला बारा हवे होते. तीन-तीनच्या ओळींनी बारा व्होल्ट होतात, आणि अशा चार ओळी केल्या की मशीन बराच वेळ चालतं. तीन ओळींत, नऊ सेलमध्येही भागलं असतं. फक्त डोस कमी झाले असते. पण गोंदिया लांब आहे, रस्ता खराब आहे, एक डोस जास्त असावा, असा माझा लोभ. बाद केलेल्या सहांमध्ये एक असा होता की त्याचा आकडा उतरत होता, पण अगदी थोडा. मी तो दोन दिवस हातात घेऊन ठेवत होते. तिसऱ्या दिवशी तो बाराव्या जागी बसवला.

सेल जास्त भरू नयेत आणि अगदी रिकामे होऊ नयेत म्हणून एक छोटा सर्किट बोर्ड लागतो. तो नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षिकेकडून मागवला होता. डबा म्हणून दादाच्या लेकीचा जुना जेवणाचा डबा घेतला, त्याला भोकं पाडली. वायर हातभरच उरली होती. दुसरी आणायला वेळ नव्हता. शेवटचा सांधा जोडून मशीनची पिन लावली, बटण दाबलं, आणि ते छोटं यंत्र टेबलावर थरथरायला लागलं. मास्कमधून वाफ आली. मी ती नुसती पाहत बसले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. आता हे खरोखर वापरावं लागणार, एवढंच वाटलं.

आमच्या चुरण्याच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. दादाला सांगितलं मदतीला थांबले आहे. वाफेचं मशीन, बॅटरी आणि औषधाच्या कुप्या शाळेच्या दप्तरात भरून ते खळ्याच्या कडेला पळसाच्या फांदीला टांगलं. वहिनीनं ते पाहिलं आणि पदर घट्ट खोचून कामाला लागली.

सकाळी दवामुळे पेंढ्या जड होत्या. दुपारपर्यंत त्या इतक्या कडक वाळल्या की हात कापत. झनकलालभाऊ मशीनवर, वहिनी आणि दोन बाया पेंढ्या देत होत्या, दादा मशीनच्या तोंडाशी. तिथं सगळ्यात जास्त तूस. त्यानं तोंडाला शेला बांधला होता. एकदा तो पुंजण्यामागे जाऊन आला. अर्ध्या तासानं पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा मी मागोमाग गेले. तो पंप दाबत होता आणि पंपातून काही येत नव्हतं. पंप संपला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे खांदे कानांपर्यंत वर येत होते आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता.

मी दप्तराकडे वळणार तेवढ्यात त्यानं माझा हात धरला आणि मान हलवली. खळ्यात दोन बाया होत्या. वाटेनं मालकाचा माणूस धान किती झालं पाहायला येणार होता. इथं नाही, घरातही नाही, एवढंच त्याला म्हणायचं होतं. शब्द निघत नव्हते. मी झनकलालभाऊला हाक मारली. त्यानं मशीन बंद केलं आणि दादाला पाहताच खिशातून किल्ली काढली. त्याची मोटरसायकल खळ्यातच होती. तो पुढे, मधे दादा, मागे मी, माझ्या पाठीवर दप्तर. दादाला पाठीमागून घट्ट धरून ठेवायला मला दोन्ही हात लागत होते. त्याची छाती माझ्या तळहातांखाली उचलली जात होती, पण हवा आत जात आहे असं वाटत नव्हतं.

आमच्या गावाहून सालेकशाच्या दवाखान्यात जायचं तर रुळांवरचं फाटक लागतं. ते बंद होतं.

मालगाडी जात होती. एक डबा, दुसरा डबा, संपतच नव्हती. ती गेली तरी फाटक उघडलं नाही. उलट्या बाजूनं दुसरी येणार होती. आमच्या मागे सायकली, दोन मोटरसायकली, तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, गाडी जमली. झनकलालभाऊनं मागं वळून विचारलं, दांड्याखालून गाडी घालू का. मला रुळांचा बारीक आवाज ऐकू येत होता. दादाचे ओठ काळसर पडायला लागले होते. मी म्हटलं, नको, गाडी लावा. आम्ही दोघांनी त्याला उतरवून रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसवलं. तो दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढं वाकला.

मी दप्तर उघडलं. कुपीचं टोक मोडलं, औषध मास्कखालच्या कपात ओतलं. मास्क त्याच्या तोंडाशी नेला तर त्यानं तो हातानं बाजूला केला. सायकलवाले उतरून जवळ आले होते, तणसाच्या गाडीवरची बाई मान उंचावून पाहत होती. त्यात आमच्या गावचेही होते.

“दादा,” मी म्हटलं, “पाहू दे त्यायले. तू मेला त तेई पाहतीनच ते.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातानं मास्क तोंडावर दाबला.

वायर हातभरच होती. मशीन दगडावर ठेवलं तर डबा खाली जमिनीपर्यंत पोचत नव्हता, त्याच्या मांडीवरच ठेवावा लागत होता. मी तो ठेवला, बटण दाबलं. मशीन थरथरलं आणि वाफ आली. त्याच्या पापण्या मिटल्या. मी डब्यावर तळहात ठेवून उकिडवी बसले.

दोन-तीन मिनिटांनी डबा कोमट लागायला लागला.

दुपारचं ऊन होतं. ऊन असेल, मी स्वतःला सांगितलं. मग डब्याची सावलीतली बाजू चाचपली. तीही कोमट. बाराव्या सेलची जागा मला डोळे मिटूनही सापडली असती. डाव्या कोपऱ्यात, खालून. त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि ते इतर जागांपेक्षा जास्त गरम आहे का हे ठरवायचा प्रयत्न केला. ठरवता येत नव्हतं. माझंच बोट घामेजलं होतं. अंगणातला तो फुसफुसणारा आवाज माझ्या कानात होता, पण मशीनच्या आवाजात तो आला असता तरी ऐकू आला नसता. पिन ओढून काढली तर वाफ बंद. नाही काढली तर त्याच्या मांडीवर काय आहे हे एकट्या मला माहीत. मी मनात ठरवलं, हाताला चटका बसला की काढायची. चटका बसेपर्यंत नाही. किती सेकंद मिळतील याचा हिशोब मला येत होता आणि तो मी केला नाही.

दुसरी गाडी आली. जमीन हादरायला लागली. लोक मागे सरले. त्या धडधडाटात मला काहीच ऐकू येईना, फक्त तळहाताखाली डबा, आणि समोर त्याच्या गळ्याखालचा खळगा. तो खळगा आत जात होता. पुन्हा आत. मग थोडा कमी. गाडीचे शेवटचे डबे गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याचे खांदे जरा खाली आले आहेत. कपातलं औषध संपत आलं होतं. फाटक वर जायला लागलं. मागच्या कुणीतरी घंटी वाजवली, आणि तणसाच्या गाडीवरची ती बाई त्याच्यावर खेकसली की थांब जरा, दिसत नाही काय, माणसाचा जीव चालला आहे.

औषध संपलं. मी पिन काढली. डबा कोमटच होता, त्यापलीकडे गेला नव्हता. दादानं मास्क खाली केला आणि एक लांब, शिट्टी वाजणारा, पण पूर्ण श्वास घेतला. “चाल,” तो म्हणाला.

दवाखान्यात त्याला चार दिवस ठेवलं. ऑक्सिजन लावला, सुया दिल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की वाटेत ती वाफ मिळाली नसती तर इथवर पोचून उपयोग झाला नसता. त्यांनी डबा हातात घेऊन सगळीकडून पाहिला आणि विचारलं, कुणी बनवला. मी मान खाली घातली. वहिनीनं माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरबाई चांगलं बोलल्या, पण ते माझ्या अंगाला लागलं नाही. मी खोलीतल्या दुसऱ्या कोपऱ्यात त्या डब्याला खिडकीशी, माणसांपासून लांब ठेवून आले होते.

जे दादाला नको होतं तेही झालं. फाटकावरची गोष्ट आमच्या आधी गावात पोचली. मालक भेटायला आला, सफरचंदं घेऊन आला, तब्येत विचारून गेला. पुढच्या पावसाळ्यात त्यानं चारांपैकी तीन एकरं दुसऱ्याला दिली, त्याच्या पुढच्या वर्षी उरलेलं एक. दादा त्यानंतर घरामागे वांगी-टमाटर लावायला लागला, वहिनी ती बाजारात विकायला बसायची. काही वर्षं कठीण गेली. मी कधी कधी विचार करते, की मी त्याला त्या गर्दीत मास्क लावायला लावलं नसतं तर. आणि हा विचार तिथंच थांबवते, कारण त्याच्या पुढं काही नाही. आज तो पन्नाशीच्या पुढं गेला आहे. चुरण्याच्या दिवसांत नाकाला फडकं बांधून घरात बसतो, पोरांना जोडाक्षरं शिकवतो, जी त्यानं स्वतः फार उशिरा शिकली. आता बाजारात खिशात मावणाऱ्या मशीनी मिळतात. लाईटही पूर्वीसारखी जात नाही. त्या डब्याची गरज कुणालाच उरलेली नाही.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातून आल्यावर काही आठवड्यांनंतरच्या एका दिवसाचं. सोमवार असेल, बाजार नव्हता. दुपारी दुकानासमोर सायकल थांबली आणि दादा उतरला. माझं दुकान सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तो पहिल्यांदा तिथं येत होता. तो स्टुलावर बसला. भिंग पाहिलं, मल्टिमीटर पाहिलं. टेबलावर तो डबा होता. आत काय आहे ते दाखव म्हणाला.

मी झाकण उघडलं. सेल दाखवले, बोर्ड दाखवला, कुठून किती येतं ते सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, जसा माझी मार्कशीट पाहायचा तसा. मग मी डाव्या कोपऱ्यातल्या सेलवर बोट ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. हा बाद होता. माहीत असून बसवला. नऊवर भागलं असतं, तरी लोभानं बसवला. आणि त्या दिवशी डबा तापला तेव्हा मी पिन काढली नाही.

त्यानं वाकून त्या सेलला बोट लावलं. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, तणसाचे तुकडे दारापर्यंत उडत आले.

“अन् माह्या मांडीवर ठेवली,” तो म्हणाला.

“हो.”

“सांगतली काऊन नाही?”

“सांगतली असती त तू घेतली नसती.”

रागावला असेल असं मला वाटलं, आणि रागावला तर बरं असंही वाटलं. त्यानं डबा उचलला, वजन पाहिलं, परत ठेवला. मग विचारलं, हा काढून नऊचा करायला किती वेळ लागते. मी म्हटलं, अर्धा तास.

“काढ मंग,” तो म्हणाला. “पुन्हा असं करू नोको.”

मी सोल्डरचं बटण चालू केलं आणि त्याला सांगितलं की याचा धूर होतो, तुला चालणार नाही, तू बाहेर बस. तो स्टूल उचलून दाराबाहेर घेऊन गेला आणि रस्त्याकडे तोंड करून बसला. मी घमेल्यातली वाळू सारखी केली, डबा त्यात ठेवला, पहिला सांधा सोडवला. थोड्या वेळानं कुणीतरी मोबाईल घेऊन आलं. आवाजावरून आमच्याच गावचा वाटला. मिस्त्री आहे का म्हणून त्यानं विचारलं.

“आहे,” दादा म्हणाला. “जरा थांबा लागते. माह्या दम्याची मशीन दुरुस्त करून राहिली.”